लॅपटॉपचं खरेदीखत

रोडपाली,
शुक्रवार

ती. दादास,
सुमतीचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनीची शुगर, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. (फोनच करणार होते, पण एवढ्याशा घरात हे समोरच बसलेत. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.)

रुचिराची सोमवारी अकराला नोकरीची ऑनलाइन मुलाखत आहे, दोन वर्षांतली पहिली बरी. म्हणून हे कामोठ्याला जुना लॅपटॉप घ्यायला गेले. पोरगी म्हणाली, मी येते. नको म्हणाले. चाळीस वर्षं पनवेलात जमिनीचे दस्त लिहिलेल्या माणसाला कोण फसवणार? आता असला डबा घेताना कुणीही आधी तो चालू करतो, बॅटरी किती टिकते बघतो, चार बटणं दाबतो, कॅमेऱ्यात आपलं तोंड बघतो. आमच्या साहेबांनी बघितलं ते विकणाऱ्या निनादचं आधारकार्ड. मग वडिलांचं नाव विचारलं, वस्तूवर कुणाचा बोजा नाही ना, तेही विचारलं (सातबारा मागितला नाही, हे नशीब). मग स्टॅम्पपेपरवर खरेदीखत, दोन साक्षीदार, त्यातला एक कोपऱ्यावरचा चहावाला. आणि हाताला सवयच, म्हणून शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं की वस्तू पाहून, पारखून, जशी आहे तशी घेतली, पुढे तक्रार चालणार नाही. निनादनं हे मागितलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन लावला, तर न्हावा शेव्याच्या कुठल्याशा कंपनीचं नाव आलं आणि पासवर्ड मागायला लागला. चार्जर काढला की अकरा मिनिटांत मान टाकतो. निनादला फोन केला, तर म्हणाला, काका, पासवर्ड मलाही माहीत नाही, आणि कागद तुम्हीच लिहिलात ना? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. हे अजून म्हणतात, कागद पक्का आहे. आहेच पक्का, पण आमच्याच विरुद्ध.

बाकी सगळं ठीक. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
सुमती

ता. क. : तुझा लॅपटॉप सोमवारपुरता देशील का? रविवारी सकाळीच आण, म्हणजे रुचिराचा हात बसेल.

ता. क. दुसरा : आल्यावर ह्यांना हसू नकोस. कालपासून धड जेवले नाहीत. विषय निघालाच तर सांग, मीही एकदा असाच फसलो होतो. मी बायको आहे, मी बोलेन. दुसऱ्या कुणी ह्यांना बोललेलं मला चालायचं नाही.