भट्टी विझावी म्हणून

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा जेवताना ब्रिटनचं बजेट! यांनी मोबाईल वरणानं भरलेल्या गंजाले टेकवून ठेवला. तिकडं गोरा बोलून राहिला, इकडं हे मान डोलावून राहिले! भिलाईच्या भट्टीवर उभी जिंदगी काढली, रिटायर झाले, प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून हुडको कॉलनीत आलो, तरी भट्टी सुटली नाही. आता पोराची. सुमेध तिकडं ब्रिटनमध्ये स्टीलच्या कारखान्यात आहे, अन् त्याची भट्टी तोट्यात. सरकारनं पैसा टाकला त चालंल, नाही त विझंल.
हे म्हणे, "विझली त पोट्ट्याचं काय? इथं येऊन ठेकेदाराकडं फावडं मारंल का?"
मले काय वाटते ते कोणाले सांगू? मले वाटते, विझावी. विझावी अन् त्यानं घरी यावं. टीना चार वर्षांची झाली. नातीले अजून मांडीवर नाही घेतलं.

४ नोव्हेंबर
स्मृती नगरहून शालिकरामभाऊ आले. प्लांटच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. दोघं मिळून ब्रिटन चालवून राहिले! भाऊ म्हणे, तिथली तिजोरी खाली आहे. टॅक्स वाढवला त धंदेवाले हात आखडतात, खर्च कापला त दवाखान्यातल्या रांगा वाढतात, अन् ग्रोथ काही होत नाही.
हे चिडलेच. "पोट्टा इतका टॅक्स भरते ना तिथं? मग कावून नाही देणार? सरकार आहे ना ते!"
भिलाईचा माणूस! इथं सरकारनं गाव वसवलं, घर दिलं, शाळा दिली. यायले वाटते, सगळीकडं असंच असते.
मी विचारलं, "ग्रोथ म्हणजे काय हो?" म्हणे, वाढ. माय बाई! आमच्या घरी त फक्त गुडघ्याचं दुखणं वाढून राहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार
बुद्धविहारात गेली. आपल्यात कोणाले काही मागत नाहीत. तरी मेणबत्ती लावताना मागितलं. तेच.

१४ नोव्हेंबर
सुमेधचा फोन. "आई, काही खरं नाही." एवढंच. मागं सून माझी, प्रांजली, कागदं चाळून राहिली. टीना काहीतरी बोलली, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. मले समजलं नाही. मी नुसती हसली.

२० नोव्हेंबर
मिळाला! सरकारनं पैसा मंजूर केला! टीव्हीवर एक ओळ आली अन् हे चप्पल घालून बाहेर. पेढे आणले, चौकातल्या टपरीवर सगळ्यायले वाटले — "पोट्ट्याची भट्टी वाचली!" मलेही एक भरवला. मी न्हाणीत जाऊन रडली.

२१ नोव्हेंबर
पैसा त्या भट्टीसाठी नाहीच!! ती बंद करायची अन् विजेची नवीन बसवायची, त्यासाठी आहे. शालिकरामभाऊंनी पूर्ण बातमी वाचून दाखवली. विजेच्या भट्टीले माणसं थोडीच लागतात. कमी माणसात जास्त माल, यालेच तिकडं ग्रोथ म्हणून राहिले.
दुपारी सुमेधचा फोन आला. नवीन भट्टीवर त्याचं नाव नाही.
यांनी टीव्ही बंद केला. उरलेले पेढे फ्रीजमध्ये तसेच आहेत. मी मागितलं ते मिळालं. पण यांच्या तोंडाकडं पाहवत नाही.

२२ नोव्हेंबर
जेवले नाहीत.

८ डिसेंबर
आज हे स्वतःहून उठले. वरची खोली झाडली, जाळे काढले. "आता येईलच ना तो. टीनाले गुलाबी आवडते म्हणे." दुकानातून रंगाचा डबा आणला, ब्रश आणला. या वयात स्टुलावर चढून राहिले! ओरडली मी. मग पोळ्या लाटता लाटता गुणगुणली. लाज वाटली. पण गुणगुणली.

११ डिसेंबर
सुमेधचा फोन, माझ्या मोबाईलवर.
"आई, काम मिळालं. आपलीच भट्टी पाडायचं. सरकारचा ठेका आहे, पाच-सहा वर्षं पुरंल. टीनाची शाळाही इथंच राहील. बाबाले तू सांग. माझ्यानं नाही होणार."
हे वर रंगाचा दुसरा हात मारून राहिले. आवाज देऊन राहिले — सुमेधची आई, वर ये, गुलाबी नीट बसला का पाहून जा.