बास्केट टाकून क्वार्टर मिळत नाही

बाबा, परवा तुमचा नातू मोबाईलवर मॅच बघता बघता एकदम ओरडला, "मम्मी, इन्होंने उसको जाने कैसे दिया यार!" अमेरिकेतला कुठलासा बास्केटबॉलचा संघ. आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचा करार त्यांनी वेळेवर वाढवला नाही, आणि आता तोच खेळाडू दुसऱ्यांचे कपडे घालून ह्यांची धुलाई करत होता. मी म्हटलं, "अरे, तुझे आजोबा ह्या कामात पटाईत होते." त्याला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र हिंदीच येतं. "नानाजी? सच्ची?" म्हणाला आणि मी सांगायला सुरुवात करेपर्यंत पुन्हा मोबाईलमध्ये घुसला. तेव्हा ठरवलं, तुम्हालाच लिहावं. हा विषय निघाला की तुम्ही पेपर उचलून व्हरांड्यात जायचात. आता ती सोय राहिलेली नाही, तेव्हा नीट ऐकून घ्या.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या तुमच्या त्या सरकारी कंपनीत सांगलीहून बदलून आलेले तुम्ही कार्मिक विभागातले अधिकारी, आणि आधीचा माणूस बदली घेऊन पळाला म्हणून बास्केटबॉल संघाचे मॅनेजर. स्वतः आयुष्यात कधी बॉलला हात लावला नव्हता, पण काय जीव लावलात त्या संघाला! कारखान्यामागच्या सिमेंटच्या कोर्टावर रोज सराव, आणि मी शाळेतून आले की तुमच्या स्कूटरवर मागे. दिवस वाईट होते, पंजाबात अतिरेक्यांचा धुमाकूळ चाललेला. पोरांना उजेडात हॉस्टेलवर पोचता यावं म्हणून सराव दुपारी ओढला होता. परतताना बॉलची जाळी हँडलला लटकलेली, आणि नाक्यावरचा जवान तो बॉल रोज दाबून, हलवून, आत बॉम्ब तर नाही ना म्हणून कानाशी धरून बघायचा. तुम्ही रोज त्याला सांगायचात, "बास्केटबॉल है, भाईसाहब." जसा काही त्याला कालचा बॉल आठवतच नव्हता.

खेळाडू सगळे वर्षाच्या कराराने घेतलेले. मार्चमध्ये करार संपायचा, आणि वाढवायचा की नाही ते तुमच्या शिफारशीवर. पहिल्याच मार्चमध्ये तुम्ही लांबून अचूक टाकणारा तो डावखुरा पोरगा घालवलात. का, तर हजेरी कमी भरली. अहो, तो राष्ट्रीय संघाच्या शिबिराला गेला होता! कंपनीनेच हार घालून पाठवला होता! पण शिबिराचे दिवस हजेरीत धरायचे असं करारात लिहिलेलं नव्हतं, म्हणून तुम्ही ते गैरहजर धरलेत. आईने डोक्याला हात लावला. तुम्ही शांतपणे जेवत होतात. "एकाला सूट दिली की सगळे मागतात," म्हणालात. आता मी स्वतः माणसं नेमण्याच्या खुर्चीत बसते, तेव्हा तुमचं ते वाक्य माझ्याही तोंडाशी येतं. दरवेळी गिळते.

मग आपला सेंटर, ऐन बास्केटखाली खेळणारा. एवढा उंच की आपल्या स्वयंपाकघराच्या दारातून पगडी सांभाळत वाकून यायचा. अमृतसरकडच्या एका खेड्यातला. वडील गेलेले, गावात आई आणि शाळेतली बहीण. रविवारी तुम्ही त्याला जेवायला बोलवायचात आणि आई त्याच्या ताटात पुरणपोळ्यांची चळत लावायची. तो लाजत लाजत सगळ्या संपवायचा आणि आई खूश. खेळायला उतरला की मात्र ह्याच पोराला आवरायला तिघे लागायचे. तुम्ही बाकावरून मराठीत ओरडायचात, "सोडू नकोस, वर जा, वर!" आणि त्याला ते बरोब्बर कळायचं.

एका रविवारी हात धुताना त्याने आईला विचारलं, "आंटी जी, ये बगल वाला खाली है?" आपल्या शेजारचं क्वार्टर सहा महिने बंद होतं. बाहेरची माणसं बदल्या करून घेऊन चंदीगड सोडत होती, आपल्या कॉलनीत अशी कितीतरी घरं कुलूप लावून पडलेली, अंगणात गवत माजलेलं. आईने हो म्हटलं. मग तो हळूहळू बोलला. रात्री बंदूकवाले दार वाजवून रोटी मागतात. सकाळी पोलीस येऊन विचारतात, रोटी दिलीच का? आता बहिणीची शाळाही सुटली. आई-बहिणीला इथे आणायचं, एवढंच त्याला हवं होतं. पण हॉस्टेलच्या खाटेवर त्यांना कुठे ठेवणार? कंपनीने कायम केलं तरच क्वार्टर मिळणार.

त्या रात्रीचं तुमचं नि आईचं भांडण मला पाठ आहे. तुम्ही म्हणत होतात, "मी त्याचा खुराकाचा भत्ता वाढवतोय. नवे बूट देतोय. आणखी एक वर्ष करार देतोय, कायम करायचं पुढे बघू." आई म्हणाली, "अहो, त्याला तूप नकोय, घर हवंय! शेजारी ओस पडलंय ते द्या की." त्यावर तुम्ही जे बोललात ते आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं टोमणा म्हणून चाललं. "क्वार्टर सीनियॉरिटीनं मिळतं. बास्केट टाकून मिळत नाही."

मार्चमध्ये त्याला ऑफिसात बोलावलंत. मी बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले होते. तुम्ही भत्ता सांगितलात, बूट दाखवलेत. त्याने एकदा विचारलं, "और मकान, सर जी?" तुम्ही नियम समजावलात. तो म्हणाला, "कोई गल नहीं जी, जो आप ठीक समझो." घरी येऊन तुम्ही विजयी मुद्रेने सांगितलंत, "पटलं त्याला!" आमच्या सांगलीकडे नाही पटलं तर माणूस तास-दोन तास वाद घालतो, टेबलावर हात आपटतो. हा मुलगा वडीलधाऱ्यासमोर दुसऱ्यांदा मागणं काढणार नाही, हे चार वर्षं पंजाबी माणसांत काढून तुम्हाला कसं कळलं नाही, बाबा? मला अजून राग येतो. आठवड्यात तो दुसऱ्या सरकारी खात्याच्या संघात गेला. त्यांनी पहिल्या दिवशी कायम केलं, आणि सेक्टरात दोन खोल्या दिल्या. बूट तो तुमच्या टेबलावर ठेवून गेला, खोका न उघडता.

तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. संघ तर पार ढासळला. तरी हिवाळ्यात कसेबसे अंतिम सामन्यापर्यंत पोचलात, आणि समोर कोण, तर तोच. अजून डोळ्यांसमोर आहे. तो उडी मारतो, आपले दोघे त्याच्या खांद्याला लोंबकळतात, बॉल आत. पुन्हा उडी, पुन्हा आत. तुम्ही बाकावर हात चोळत बसलेले, आणि एकदा, शपथ सांगते, सवयीने त्यालाच ओरडलात, "वर जा!" बायकांच्या बाजूला त्याची आई होती, पांढरी ओढणी घेतलेली, शेजारी शाळेच्या गणवेशात बहीण. बॉल आत गेला की ती म्हातारी लहान मुलीसारखी टाळ्या पिटायची. सामना संपल्यावर तो येऊन तुमच्या पाया पडला. तुम्ही काहीतरी पुटपुटलात. आपण स्कूटरवर निघालो. मग मान न वळवता विचारलंत, "त्याच्या आईला बसायला नीट जागा मिळाली होती का गं?" मी म्हटलं, "हो, पुढेच होत्या." तुम्ही "हं" म्हणालात.

मी रडतेय असं वाटून तुम्ही सेक्टर बावीसच्या मार्केटात स्कूटर थांबवलीत आणि एवढ्या थंडीत मला कुल्फी घेऊन दिलीत. "हार-जीत चालायचीच," म्हणालात. हे पत्र टाकायला पत्ता नाही, इथेच ड्रॉवरमध्ये राहील, म्हणून सांगून टाकते. मी रडत नव्हते, बाबा. तुम्ही हरलात म्हणून मला इतका आनंद झाला होता की तो तुम्हाला दिसू नये म्हणून मी तोंड लपवलं होतं. आणि मला वाटतं, थोडासा तो तुम्हालाही झाला होता.