नाफ्प्लियोच्या बंदरात दहा मिनिटं

प्रिय फ्रान्सिस,

मागच्या शनिवारी ग्रीसमध्ये मी दहा मिनिटं मेले होते. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सिडनीला, केलीव्हिलच्या घरी परत येऊन दोन दिवस झाले, बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात, पण आधी हे लिहून मोकळी होते.

हो, गेले मी तुझ्या नाफ्प्लियोला! तू दरवर्षी "नेक्स्ट इयर नक्की" म्हणायचास. शेवटी रियाने माझ्या साठीला तिकीटच हातात ठेवलं. म्हणाली, "मम, जस्ट गो. डॅड वुड लव्ह इट." तुझ्या लेकीसमोर माझं कधी काही चाललंय का?

तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. आपल्या चर्चमध्ये नोव्हेंबरात मृतांच्या वहीत नावं लिहायला सांगतात. दोन नोव्हेंबर गेले, मी तुझं नाव लिहिलं नाही. फादरनी विचारलं, फ्रान्सिसच्या आत्म्यासाठी मिस्सा, प्रार्थना कधी ठेवायची? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. हट्टी म्हण हवं तर! पण एकदा लिहिलं की तू गेलास हे माझ्याच अक्षरात कायमचं झालं असतं. ते मला नको होतं.

गाव तू फोटोत दाखवायचास तसंच आहे रे. जुनी घरं, डोक्यावर गड, आणि समोर पाण्यात एक छोटासा किल्ला. तो पाहून तू नक्की म्हणाला असतास, "आपल्या अर्नाळ्यापुढे काहीच नाही." वसईच्या माणसाला दुसऱ्याचा किल्ला कधी आवडलाय? वरच्या गडाला हजारेक पायऱ्या आहेत. त्या तू चढणार होतास म्हणे! घरचा जिना उतरताना मला हाका मारायचास, विसरलास?

मी आपली पाण्यातल्या किल्ल्याची बोट धरायला निघाले. धक्क्याजवळच्या चर्चच्या दारात टेबल होतं, रांग होती, आणि काळ्या कपड्यांतली एक बाई सगळ्यांची नावं लिहून घेत होती. बोटीचं बुकिंग, दुसरं काय असणार? शेजारी कपांतून उकडलेले गहू वाटत होते, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले. प्रवाशांची काय बडदास्त, म्हटलं! मी दोन कप घेतले. आणि नाव विचारल्यावर दोन नावं सांगितली, फ्रान्सिस आणि सिसिलिया. एकतीस वर्षं जिथे तिथे दोनच नावं दिली, ती सवय जाते का?

बाईने माझा हात दाबला आणि आत जा अशी खूण केली. इतक्या मायेने तिकीट देणारी बाई मी सिडनीत पाहिली नाही.

आत त्यांचे फादर एक लांबलचक यादी वाचत होते. यॉर्गोस, एलेनी, कोस्तास... मग "फ्रांगिस्कोस", आणि त्यामागोमाग माझं नाव. मी हात वर केला! मोठ्याने "येस, हिअर!" म्हटलं! अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं.

टेबलावरची बाई धावत आली. ती पंधरा वर्षं मेलबर्नला राहिलेली निघाली. कानाशी येऊन म्हणाली, "डार्ल, दिस लिस्ट इज फॉर द डेड." आज त्यांचा मृतात्म्यांचा शनिवार, ते गहूसुद्धा मेलेल्यांच्या नावाने वाटलेले. माझ्या तोंडात तेव्हा तुझ्या वाटचा घास होता! मला हसू आवरेना, आणि मला बघून तिलाही. दोघी तोंडावर हात धरून बाहेर पळालो.

तिने टेबलावरचा यादीचा कागद काढला आणि माझं नाव खोडलं. "नो वरीज, जिवंतांची वेगळी यादी असते, तिच्यात घालते तुला." मग तिचं पेन तुझ्या नावावर आलं. "अँड फ्रान्सिस? मिस्टेक टू?"

माझं हसू थांबलं. ती पेन धरून वाट बघत होती. माझ्या एका शब्दावर तुझं नावही खोडलं गेलं असतं, फ्रान्सिस. किती वाटलं तसं सांगावं!

"नाही," मी म्हटलं. "ते बरोबर आहे."

तुझं नाव तिथेच राहिलं. मग मी रडले रे, दोन वर्षांचं सगळं, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर. ती बिचारी पाठीवर थोपटत राहिली. बोट अर्थातच चुकली.

येत्या रविवारी मी फादरना भेटून तुझ्यासाठी मिस्सा ठेवणार आहे. वहीत तुझं नाव माझ्या हाताने लिहीन. पाठोपाठ माझं लिहायला हात शिवशिवेल, पण आवरेन. वचन!

तुझीच, पण अजून जिवंतांच्या यादीतली,
सिसिलिया