घरमालकिणीचा ठोका

दादा,

नमस्कार वहिनीला. तुला नाही, तुझ्यावर मी चिडलोय. तुझं पत्र अर्धं वाचून फेकलं होतं, मग उचलून पुरं वाचलं.

आईला सांग, मी दोन्ही वेळ जेवतो. तिचा गुडघा कसाय?

चार दिवस झाले, ड्रमवर माझा डावा हात पुढे पळतोय. बँडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी सुटतेय का तुझी? शनिवारपर्यंत ठोका जागेवर आण, नाहीतर तिथे दुसरा बसेल." खोलीवर येऊन रागाने उशीवर काठ्या आपटल्या, तर घरमालकीण पलीकडून भिंतीवर चप्पल बडवायला लागली. तोंडाने शिव्या चालू, पण चपलेचा ठोका माझ्याहून सरळ! मग मीही हट्टाने तिचाच ठोका धरून वाजवत राहिलो, आणि हात ताळ्यावर आला. ती दमून थांबली, तसा पुन्हा पळाला. उद्या तिला परत चिडवणार आहे.

पत्रात लिहितोस, मी बँड सोडून परत येईन म्हणून आपल्या दुकानात माझ्यासाठी स्टूल रिकामं ठेवलंयस म्हणे. ते कुणालाही देऊन टाक. ते रिकामं आहे हे आठवलं, की माझा हात आणखी पळतो.

नाइलाजाने तुझाच,
धाकटा