सीतेचे नऊ किलो

१२ ऑक्टोबर, रविवार
वजन ९१. माझ्या उंचीचा विचार कोणी करत नाही.

आमच्या दशावतारी कंपनीत एकोणीस वर्षे सीता मीच. दिवसा हायस्कूलचा क्लार्क, जत्रेच्या मोसमात जानकी. कंपनीचे मालक शांतारामबाब आज घरी आले. म्हणाले, दत्तप्रसाद, गेल्या मोसमात इब्रामपुरात तू “कंदमुळांवर दिवस काढते मी” म्हटलेस आणि लोक हसले. मी म्हणालो, भावनेने हसले. त्यांनी चहा अर्धाच ठेवला. २ नोव्हेंबरपर्यंत ८२ किलो व्हायचे, नाहीतर सीता गौरेश करणार.

गौरेश! अठ्ठावन्न किलो. वनवासात शोभेल, पण त्याला साधा हुंदका येत नाही.

दिवाळीची सुटी आहे. नऊ किलो, एकवीस दिवस. रोज सव्वाचारशे ग्रॅम. किरकोळ काम.

१३ ऑक्टोबर, सकाळी ७
वॉक सुरू. पेडणे बाजारापर्यंत गेलो. बेकरीत गरम पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव, निघत होत्या. घरच्यांसाठी सहा घेतल्या. घरी पोचल्या चार. देवकीने मोजल्या. बायकोने नवऱ्यावर इतका अविश्वास दाखवू नये.

१६ ऑक्टोबर
वजन ९१.५. अंगात पाणी धरले आहे. चालल्यामुळे स्नायूही वाढले असणार. वॉक बंद.

१९ ऑक्टोबर, रात्र
उद्या नरकचतुर्दशी, फोवांचा म्हणजे पोह्यांचा दिवस. वाड्यावरच्या पाच घरी जावे लागणार. न गेल्यास लोक वाईट वाटून घेतात. प्लॅन असा: प्रत्येक पदार्थ एक चमचा. कोणी आग्रह केला तर तोंडावर स्पष्ट नाही म्हणायचे. मी भिडेला बळी पडणारा माणूस नाही.

२० ऑक्टोबर, सकाळी ११
दुधातले, ताकातले, गुळाचे, नारळाच्या रोसातले, तिखट बटाट्याचे. घरे पाच. चमचे पंचवीस, प्लॅनप्रमाणेच. मात्र तिसऱ्या घरात चमचा म्हणून जे दिले, त्याला आमच्याकडे डाव म्हणतात. त्यात माझा दोष नाही.

शिवाय फोव म्हणजे तांदूळ चेपून केलेले. जाडी आधीच काढून टाकलेली. देवकीला हे समजावले. ती म्हणाली, “ती जाडी खंय गेली, ता माका दिसता.”

तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलणार नाही.

२० ऑक्टोबर, दुपारी १
बोललो. जेवायला काय आहे विचारायचे होते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
डिचोलीला विमलाकडे. जाताना बसमध्ये ठरवले होते, फक्त काकडी. विमलाने दारातच माझा चेहरा धरला. “भावा, किती वाळलास रे!” डोळ्यांत पाणी. जगात एका तरी माणसाला फरक दिसला. रडणाऱ्या बहिणीसमोर काकडी चावत बसणारा भाऊ मी नव्हे. येताना नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा दिला. तो देवकीसाठी होता, हे विमलाने फोन केल्यावर कळले. तोवर आम्ही म्हापशाच्या स्टँडवर होतो. आम्ही म्हणजे मी आणि रिकामा डबा.

२८ ऑक्टोबर
तालीम. चोळीचे हूक लागेनात. कपडा धुऊन आटला आहे. गौरेश कोपऱ्यात बसून माझे संवाद वहीत उतरवत होता. नंतर जवळ येऊन म्हणाला, दत्तादा, हुंदका कसा काढता, शिकवाल? मी सांगितले, हुंदका शिकवत नसतात, आतून यावा लागतो. मुलगा पुन्हा वही उघडून बसला. मुलगा कसला, तीस वर्षांचा घोडा आहे.

शांतारामबाबांना खुशाल काय हवे ते करू दे. लोक माझी सीता बघायला येतात, वजनकाटा बघायला नव्हे.

१ नोव्हेंबर
कडक उपवास. चार वाजेपर्यंत.

२ नोव्हेंबर, रविवार
शांतारामबाबांच्या दुकानातल्या काट्यावर ९२.६. पट्टा, घड्याळ, चष्मा काढला. ९२.६. मी विषय काढला की काटा पोत्यांसाठी आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

मग म्हणाले, आमचा रावण महादेव बोटीवर नोकरीला जातो आहे. रावण तू कर.

बढतीच आहे ही. सीता काय, झाडाखाली बसून रडते. रावणाकडे सोन्याची लंका. राजा म्हटला की खाल्लेला दिसायलाच हवा. नऊ किलो कमी केले असते तर आज पस्तावलो असतो.

गौरेश नथ मागायला आला. नथ माझी स्वतःची, एकोणीस वर्षांची. देणार नाही म्हणून सांगितले.

दिली. निऱ्याही नीट घालून दाखवल्या. त्याला त्या पहिल्या नाटकापर्यंत जमणार नाहीत.

६ नोव्हेंबर, सकाळी
काल पहिले नाटक झाले. निऱ्या त्याला जमल्या. “कंदमुळांवर दिवस काढते मी” म्हणाला, कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. हुंदका आला त्याला. कुठून शिकला, कोण जाणे. विंगेत उभा राहून मी ऐकत होतो. माझा रंग गालावर थोडा ओघळला. गर्मी होती.

मग माझी एंट्री. गर्जना उत्तम झाली. सीतेला खांद्यावर घेतले. अठ्ठावन्न किलो म्हणजे काय ते तेव्हा कळले. तीन पावले चाललो आणि रंगमंचाच्या मधोमध बसलो. उठता येईना. पखवाजवाला एकटाच वाजवत राहिला. गौरेश खांद्यावरून उतरला, माझे मनगट धरले आणि कानात म्हणाला, “चला दत्तादा, मी व्हरतंय तुमका.”

आणि सीता रावणाला ओढत लंकेला घेऊन गेली.

लोक इतके हसले की राम पाच मिनिटे आत येऊ शकला नाही.

आज देवकीने फोव वाढले. मी नको म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.