पायमशीनवरची चाल

५ फेब्रुवारी

चि. छोट्यास, अनेक आशीर्वाद.

माझी किडनी तुला जुळते, हे कळलंच असेल. पण वजन उतरल्याशिवाय ती काढणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून इस्पितळातल्या वजन कमी करणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. आम्ही दर गुरुवारी जमतो. मार्गदर्शक मुलगी लहान आहे, पण रागवत नाही. काय खाल्लं, कधी उठलो, का नाही उठलो, एवढं शांतपणे विचारते. हालचाल मोजायला प्रत्येकाला एक पट्टा दिलाय. पहिल्याच आठवड्यात माझी हालचाल सगळ्यांत जास्त भरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझे मेहुणे म्हणतात, दिवसभर शिलाईला बसून ही हिंडते कधी?

डायलिसिसनंतर जेवत जा. माया आहेच, ती उतू जाऊ दे.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टाळ्यांचं वाचून हसलो. शाळेत पळण्याच्या शर्यतीत शिट्टी वाजल्यावर तू खाली बसली होतीस, हे त्या गटाला सांगितलंस का?

पण नाही म्हणजे नाही. उद्या तुला काही झालं तर मी कोणत्या तोंडाने जगायचं? डायलिसिसची मला सवय झालीय. मला तू हवी आहेस, तुझी किडनी नको. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा छोट्या

१८ मार्च

चि. छोट्यास, अनेक आशीर्वाद.

माझी पार फजिती झाली. मनगटावर पट्टा बांधला की रेशमाचे दोरे ओढले जायचे, म्हणून मी तो घोट्याला बांधला होता. पायमशीन चालली की पट्ट्याला वाटायचं, बाई चालतेय. परवा त्या मुलीने आलेख दाखवला. सहा दिवस डोंगर आणि रविवारी सपाट माळ. रविवारी तुम्हाला काय होतं, असं तिने काळजीने विचारलं. मी म्हटलं, रविवारी दुकान बंद असतं. आधी कुणाला उमजेना, मग सगळे पोट धरून हसले. मीही हसले आणि घरी येऊन रडले. काटा तसूभरही हलला नव्हता.

ती म्हणाली, पायमशीनची अंगाला सवय झालीय. थोडी धाप लागेल असं चाला. सुट्टीच्या दिवशी सगळं उरकू नका, रोजच्या कामाला जोडा. म्हणून आता शिवलेले कपडे मीच चालत पोचवते. गिऱ्हाइकं दार उघडून चपापतात. ज्या शिंपिणीने आजवर हेलपाटे घालायला लावले, ती स्वतः दारात!

तू नाही म्हणत राहा, मी चालत राहते. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज डॉक्टरांनी तुझे रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. वजन, साखर, रक्तदाब, सगळ्यात पास. तू म्हणे त्यांना विचारलंस, टाके कोणते घालणार, आणि त्यांचं उत्तर तुला पसंत पडलं नाही. शल्यविशारद जरा दुखावलेत.

मी पुन्हा नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायको म्हणाली, इतके महिने जे माणूस रोज तुमच्याकडेच चालत येतंय, त्याला दारातून परत पाठवणार का?

ताई, मी हो म्हणालो. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय. लोभ आता वाढवू नकोस, ठेवायला जागा उरली नाही. तू फक्त ये.

तुझा छोट्या