सात नंबरचा बिल्ला

सोमवार, ३
आज सकाळी अंघोळ करून देवाला हात जोडले आणि घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा, जे जे लोखंडाचं ते घरीच काढून ठेवून निघालो. पन्नाशीला टेकल्यावर प्रयोगशाळेत नवी नोकरी, तरी मन प्रसन्न होतं. इथे एका खोल खड्ड्यात माणसाच्या उंचीचं चुंबक उभं आहे. त्याच्या पोटात द्रव हेलियम, आणि त्या गारठ्यात बोटाच्या पेराएवढा नमुना टांगलेला. तो तपासायला त्यावर न्यूट्रॉन कणांचा झोत सोडतात. माझं काम हेलियम भरायचं. गावच्या शाळेत गुरुजींनी कागदाखाली चुंबक धरून लोखंडाचा कीस नाचवला होता, तो आठवला. चुंबक चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, काका, याने माझे नट आवळायचे दोन पाने ओढून गिळलेत, तुम्ही चष्मा सांभाळा.

खाली उतरताना दाराजवळच्या फळीवर आपला पितळी बिल्ला अडकवायचा, वर आलं की काढायचा. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी ताई चुंबकात वीज सोडत नाहीत. माझा नंबर अकरा.

गुरुवार, ६
खाली काम करताना सवयीने नामस्मरण चालू होतं. मधेच माझा आवाज बाहुलीसारखा चिरका झाला. ताई म्हणाल्या, हेलियम श्वासात गेला की असंच होतं, कुठेतरी गळती आहे. प्राणवायू कमी झाला की वाजणारी घंटा आमच्या विभागाच्या साहेबांनी बंद करून ठेवलीय, उगाच वाजते म्हणे. मी त्यांना सांगायला गेलो. पाहुणे शास्त्रज्ञ आठवडाभरच आहेत, ते गेले की बघू, म्हणाले.

घाईत फळीवरच राहिलेला माझा बिल्ला परत येऊन काढला. शेजारी आणखी एक होता. सात. खाली तर कुणीच नव्हतं.

शुक्रवार, ७
ताईंना विचारलं. चेहरा उतरला त्यांचा. सात नंबर माझ्या आधीच्या माणसाचा. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून तो बिल्ला न अडकवताच उतरला. खाली श्वासाला हवा नव्हती. फळी रिकामी दिसली, ताईंनी वीज सोडली, दार आपोआप बंद झालं. संध्याकाळी सापडला. बिल्ला खिशात होता, तो त्याच्याबरोबरच गेला.

आता ताई वीज सोडायला तयार नाहीत. साहेबांनी मला बिल्ला काढून फेकायला सांगितला. मी फेकला. नोकरी नवी आहे.

शनिवार, ८
सात नंबर पुन्हा तिथेच. त्यावर बर्फ साचलेलं, बोटांना चिकटलं. या वेळी साहेबांनी स्वतः काढून खिशात टाकला.

खाली नामस्मरण करता करता मी थांबलो. ते थांबलं नाही — चिरक्या आवाजात चालूच राहिलं —

रविवार, ९
उद्या नमुना बदलायला ताईंनी उतरायचं, असं साहेबांनी ठणकावलंय. जाऊ नका म्हणालो. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला धाडतील, म्हणाल्या.

लाल बटण दाबलं की सगळा हेलियम उकळून जातो, चुंबक महिनाभर बंद. मग उतरायचं कारणच उरत नाही. बटण खाली आहे. श्वास धरून जमेल —

सोमवार, १०
ताई यायच्या आत बिल्ला अडकवला. उतरलो. दाबलं. मोठा आवाज — सगळीकडे पांढरं धुकं —

झालं. आता ताईंना उतरावं लागणार नाही.

दाराबाहेर पायरीवर बसून लिहितोय. फार गार आहे. बोटं वळत नाहीत.

फळीवर सात. शेजारी अकरा. पण वर येताना मी माझा काढला होता — काढला होता ना —

शेजारी कुणीतरी बसलंय.

देवाचं नाव घेऊन बघतो. आवाज चिर—